मोठ्याला मारलं की गुन्हा, पोराला मारलं की शिस्त?

"आमचं पोर आहे, तुम्ही मध्ये पडू नका" हे वाक्य परत एकदा ऐकलं आणि डोकं फिरलंय माझं. अहो तुमचं म्हणजे काय, मालकीचं आहे का ते? पाच-सहा वर्षांचं पोरगं, रांगेत उभं राहून कंटाळलेलं, सारखं पाणी मागत होतं म्हणून बापानं सणसणीत कानाखाली दिली. पोरगं रडलं पण नाही, नुसता गाल धरून बापाकडेच बघत राहिलं, आणि आजूबाजूची सगळी माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. हीच कानाखाली त्यानं पुढच्या माणसाला मारली असती ना, तर लगेच आरडाओरडा, पोलीस, तक्रार, सगळं झालं असतं. पोरगं उलटून मारू शकत नाही म्हणून त्याला मारलेलं चालतं? जो दुबळा त्याला जास्त संरक्षण पाहिजे की कमी?

आणि कायदे नाहीत असं नाहीये. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला, एक अमेरिका सोडली तर सगळ्या सदस्य देशांनी तो मान्य केलाय. त्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मूल आईबापाच्या ताब्यात असलं तरी त्याला मारहाणीपासून वाचवणं सरकारचं काम आहे. स्वीडननं तर त्याच्याही दहा वर्षं आधी, १९७९ मध्येच, घरात मारण्यावर बंदी घातली. पण आज जगात निम्म्या देशांतसुद्धा घरासकट सगळीकडे पूर्ण बंदी नाहीये. मग सह्या कशाला केल्या?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू का, हक्क मुलाचा पण तो वापरायचा मोठ्यांनी. तक्रार मोठ्यांनी करायची, वकील मोठ्यांनी लावायचा, कोर्टात मोठ्यांनी न्यायचं, आणि मारणारा तोच मोठा माणूस असेल तर पोरानं जायचं कुठे? मुलांना थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करता यावी म्हणून २०१४ पासून एक वेगळी सोय लागू झाली, ती पण जे देश मान्य करतील त्यांच्यापुरतीच, आणि अट काय तर आधी आपल्या देशातले कायद्याचे मार्ग वापरून संपवा. हवामानासाठी आंदोलन करणारी स्वीडनची ग्रेटा थनबर्ग आणि बाकीची मुलं, एकूण १६ जण हवामान बदलाची तक्रार घेऊन गेले होते, २०२१ मध्ये ह्याच अटीवर समितीनं ती दाखल करून घ्यायला नकार दिला. जगभर नाव असलेल्या मुलीचं हे होतं, मग घरात मार खाणाऱ्या दहा वर्षांच्या पोराची काय कथा!

बरं, केस उभी राहिलीच तरी पुढे काय? पोरानं आधी पोलिसांना सांगायचं, मग डॉक्टरला, मग समुपदेशकाला, मग वकिलाला, मग कोर्टात, तेच तेच, आणि एखादा तपशील मागेपुढे झाला की समोरचा वकील म्हणणार पोरगं खोटं बोलतंय. त्याच बालहक्क कराराचं कलम १२ म्हणतं मुलाचं मत ऐका, ते असं छळून ऐकायला सांगितलंय का? वर तारखांवर तारखा. मोठ्या माणसाची दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, आठ वर्षांच्या पोराचं ते पाव आयुष्य आहे हो, कळतंय का कोणाला?

आणि हे असंच असतं, काही करता येत नाही, असं कृपया मला सांगू नका. आइसलँडमध्ये १९९८ पासून 'बार्नाहुस' म्हणून जागा आहे, पोलीस, डॉक्टर, समुपदेशक सगळे मुलाकडे येतात, साध्या घरासारख्या खोलीत एकच प्रशिक्षित माणूस मुलाशी बोलतो, बाकीचे दुसऱ्या खोलीतून ऐकतात आणि त्याचं रेकॉर्डिंग होतं, म्हणजे त्या पोराला तेच तेच सगळ्यांना सांगत फिरावं लागत नाही. बाकी बऱ्याच देशांनी ते बघून सुरू पण केलं. एक खोली, एक कॅमेरा आणि लहान मुलांशी नीट बोलता येणारा एक माणूस, एवढं ज्यांना अजून जमलं नाहीये त्यांनी करारावरच्या सह्या दाखवत फिरू नये.