ईएसटी लिहिता ना, मग ईएसटी पाळा की

डोकं फिरलंय आज. बुधवारचा बाजार म्हणून आईला घेऊन गंगेवर (आमच्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) गेलो होतो, न्यूयॉर्कवाल्यांबरोबरचा ऑफिसचा कॉल रात्री साडेआठला, म्हटलं आरामात होईल. सात पस्तीसला एका हातात मेथीच्या जुड्या न दुसऱ्या हातात फोन वाजतोय, कुठे आहेस म्हणून. अरे साडेआठला आहे ना?? तर म्हणे रविवारी आमची घड्याळं एक तास पुढे गेली. तुमची गेली ना, माझं घड्याळ आहे तिथंच आहे!

बरं मेलमध्ये काय लिहिलंय, तर सकाळी दहा ईएसटी, म्हणजे न्यूयॉर्ककडची हिवाळ्यातली वेळ. ईएसटी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे साडेआठच होतात की नाही सांगा. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कात ईडीटी, म्हणजे तासभर पुढची उन्हाळी वेळ चालते, फरक साडेनऊ तासांचा, आणि हे लोक बारा महिने ईएसटीच लिहितात. म्हणजे लिहिलंय तसं वाचलं म्हणून मी चुकलो.

त्यात लंडनवाले मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ फिरवणार, मग मधले दोन-तीन आठवडे त्यांचा आणि न्यूयॉर्कचा फरक पाचाऐवजी चार तास, सगळा गोंधळच. आणि कहर म्हणजे टीममधला फिनिक्सचा एक जण, अॅरिझोनात घड्याळं फिरवतच नाहीत बहुतेक ठिकाणी, तो पण तासभर उशिराच आला. त्याला काय, तर हसून "नो वरीज". मला मात्र मॅनेजरचा वेगळा फोन, जरा सिरियसली घे म्हणे.

वर हेच लोक विचारणार तुमच्याकडे हे अर्धा तास काय प्रकार आहे. अरे बाबा मिर्झापूरजवळून साडेब्याऐंशी अंशाची रेषा जाते, तिच्यावरून अख्ख्या देशाची वेळ. आमच्या नाशकात सूर्य डोक्यावर यायला साधारण 12:35 होतात, दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर 1906 पासून घड्याळ हेच, आम्ही कधी कुरकुर केली का? नेपाळला विचारा, त्यांचं तर ग्रिनिचच्या पुढे पावणेसहा तासांचं गणित आहे.

आईला सांगितलं तर ती म्हणते, त्यांनी घड्याळ फिरवलं तर तुला का बोलले रे? आता काय सांगू तिला. आता नोव्हेंबरपर्यंत साडेसात, म्हणजे कॉल संपेपर्यंत बाजार उठलेला, आणि आजच्या धावपळीत मेथी पार चेपली ती वेगळीच.