सहा हब आणि एक पेढा

परवा लेक पुण्याहून आली होती. रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बायबल शोधत होतो (चष्मा आणि बायबल आमच्याकडे कायम जोडीनं हरवतात). ती पांघरुणातूनच म्हणाली, "पप्पा, आज राहू दे की. मिसळ खायला जाऊया. आणि तसंही माणूस चांगला असला की झालं ना? चर्चला जाऊन वेगळं काय होतं?"

मी चिडलो नाही. चिडायचं वय गेलं. उपासनेला मात्र उशीर होत होता, म्हणून "आल्यावर बोलू" म्हणालो. आल्यावर मिसळ झाली, बोलणं राहिलं. ते इथं लिहितोय.

"माणूस चांगला असला की झालं" हे वाक्य आजकाल सगळीकडून ऐकू येतं. कामगारांकडून, डॉक्टरकडून, माझ्याच चर्चच्या मंडळीतल्या तरुण पोरांकडून. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मला एक कळत नाही. चांगला म्हणजे किती चांगला, आणि कुणाच्या मापानं? मी लेथवर काम करणारा माणूस. बोअर, म्हणजे भोकाचं माप किती, तर पन्नास. पन्नास म्हणजे किती कमी-जास्त चालेल, ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. "साधारण पन्नास" असं कुणी ड्रॉइंग देत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण सगळे साधारणवर चालतो.

आधी एक सांगतो, नाहीतर कॉमेंटमध्ये वेगळाच फाटा फुटेल. देश धर्मनिरपेक्ष आहे याचं मला दुःख नाही, झाला तर फायदाच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही ख्रिस्ती एक टक्कासुद्धा भरलो नाही. सरकारनं एका धर्माची बाजू घ्यायचं ठरवलं, तर ती आमची असणार नाही एवढं गणित मला येतं. शिवाय मी कोल्हापूरचा. १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवणाऱ्या, जातीजातींच्या आणि धर्माधर्मांच्या पोरांसाठी बोर्डिंग उभारणाऱ्या शाहू महाराजांच्या गावचा. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ ला इथं आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही उभं आहे, आणि रविवारी तिथून मराठीच प्रार्थना ऐकू येते. त्यामुळं "तुम्ही मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं की मी सरळ पेठेचं नाव सांगतो.

माझी तक्रार सरकारशी नाही. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचं "आचरण" असा स्वच्छ शब्द आहे. तक्रार आहे ती "धर्म घरात ठेवा" म्हणणाऱ्या हवेशी. घरात ठेवायला तो काय मिक्सर आहे? माझ्या विश्वासानं माझं बिल, माझी सुट्टी, माझी जीभ यांना हात लावायचा नसेल, तर उरतं काय? आडनाव आणि डिसेंबरातला चांदणीचा कंदील.

खंडेनवमीचं सांगतो. माझं मशीन शॉप सुरू केलं त्या पहिल्या वर्षी मी ऐटीत जाहीर केलं, इथं मशीनपूजा होणार नाही. तेव्हा आमचे सगळ्यात जुने कामगार, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, कॉटन वेस्टनं हात पुसत म्हणाले, "मालक, देव तुमचा तुमच्यापाशी. पण मशीनवर हात आमचे चालत्यात न्हवं?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

आता असं होतं. ते लोक मशीन धुतात, लेथच्या चकला (नग धरणाऱ्या पकडीला) झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. मी चपला काढून दारापाशी उभा राहतो. आरती करत नाही, कुंकू लावून घेत नाही. प्रसादाचं खोबरं मी खात नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणून ते पेढ्याचे दोन बॉक्स आणायला लावतात. एक पूजेत ठेवतात, दुसरा बाहेर टेबलावर. सगळं आटोपलं की त्या दुसऱ्या बॉक्समधला एक पेढा माझ्या हातावर येतो. हे त्यांना मी शिकवलेलं नाही. मग म्हणतात, "आता तुमची होऊ दे." मी डोळे मिटून प्रार्थना करतो, प्रभू, वर्षभर सगळ्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत ठेव. पॉवर प्रेसवाल्याचा "आमेन" सगळ्यात मोठा असतो.

यावर आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला "तडजोड्या" म्हटलं. दुसरे एकजण म्हणाले, "त्यात काय, प्रसादच तो, खाऊन टाकायचा." बायबलातल्या पौलाच्या वेळी करिंथच्या मंडळीत मूर्तीपुढच्या नैवेद्यावरून हाच वाद होता. विषय अजून मिटलेला नाही आणि माझ्याच्यानं मिटणारही नाही. पौलाचा कल एवढाच दिसतो, की तुझ्या ज्ञानापायी दुसऱ्याला ठेच लागू देऊ नकोस. मी दारापाशी उभा राहतो तो त्या हिशोबानं. चुकतही असेन.

पण खरं सांगू? विश्वासाची परीक्षा खंडेनवमीला होत नाही. तिथं सगळे बघत असतात, तिथं मी ताठ असतो. परीक्षा झाली ती एका मार्च एंडिंगला, रात्री साडेनऊला, शॉपमध्ये मी एकटा असताना.

ट्रॅक्टर ट्रॉलीच्या चाकांचे हब होते. कास्टिंग (ओतकाम) पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, टर्निंग आमचं. दोनशे चाळीस नग उद्या सकाळी जायचे. शेवटच्या खेपेत सहा नगांना फेसिंग मारताना ब्लो होल, म्हणजे ओतकामातली पोकळ भोकं उघडी पडली, तांदळाच्या दाण्याएवढी. नियम साधा आहे, असला नग सीआरमध्ये (कास्टिंग रिजेक्शनमध्ये) बाजूला काढायचा, म्हणजे दोष कास्टिंगचा, आमचा नाही. मी पार्टीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "नग पूर्ण पाहिजेत, काहीतरी ॲडजस्ट करा." मागचं पेमेंट त्याच्याकडे अडकलेलं. सोमवारी पगार करायचे होते.

मी मेटल पुट्टी कालवली. सहाही भोकं भरली, वाळल्यावर एमरी मारली, वरून प्रायमरचा हात फिरवला. दहा मिनिटांचं काम. इतकं सफाईदार झालं, की सकाळी मलाच ते सहा कुठले ते ओळखेनात. नंतरच्या रविवारी मी चर्चमध्ये दानाची पिशवी फिरवत होतो.

पुढं काय झालं? काहीच नाही. सहाच्या सहा पास झाले. तक्रार नाही, रिजेक्शन नाही, पेमेंटही आलं. आपल्या काळाच्या हिशोबात ही गोष्ट इथं संपते. कुणाचं नुकसान झालं नाही, मी "चांगला माणूस" होतो तसाच राहिलो. पण हंगाम सुरू झाला आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या. माझी नजर उसावर जायची नाही, चाकावर जायची. शिरोलीच्या पुलावर एकदा अशीच ट्रॉली पुढं होती, डबल ट्रॉली, मागं गाण्यांचा दणका. हबकडं बघत बघत मी कितीतरी अंतर ओव्हरटेक न करता तिच्यामागं चाललो होतो.

शेवटी जाऊन सांगितलं. पार्टीचा माणूस हसला, "मालक, तो माल कधीच बसला. मीच सांगितलं होतं की तुम्हाला." मी म्हणालो, तुम्ही ॲडजस्ट करा म्हणालात, पुट्टी मी भरली. सहा नगांची क्रेडिट नोट काढली, बदली नग आमच्या खर्चानं करून देतो म्हटलं. चारच नग सापडले, दोन कुठल्या ट्रॉलीला लागलेत ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्या अकाउंटवाल्याचा फोन आला, हे कशात दाखवू? बरोबर आहे त्याचं, पश्चात्तापाला जीएसटीचा एचएसएन कोड नसतो.

हे मी स्वतःचं कौतुक म्हणून लिहीत नाही, कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही. कितीतरी महिने गप्प बसलो होतो. सांगायचं ते हे, की मला सांगायला कुणी भाग पाडलं नव्हतं. कायदा आला नाही, ग्राहक आला नाही, समाजानं तर पाठच थोपटली असती. दर रविवारी "आम्ही विचारानं, उच्चारानं व कृतीनं पाप केलं" हे तोंडानं म्हणायची सवय होती, त्या सवयीनं मला गाठलं. पोरी, चर्चला जाऊन वेगळं काय होतं, तर एवढंच होतं. आठवड्यातून एकदा माप लावलं जातं. बसतंच असं नाही.

आमच्या लोकांनाही दोन शब्द. बाहेरची संस्कृती बिघडली म्हणून आपण प्रवचनं ऐकतो आणि प्रवचन संपलं की जमिनीच्या दाव्याची तारीख विचारतो. लग्नात कर्ज काढून स्टेज बांधतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग पेटी-तबल्यावर म्हणणारी माझी आजी आठ आणे मजुरीतलेही दशमांशाचे पैसे फडक्यात वेगळे बांधायची. आपल्याला आधुनिक जगानं बिघडवलं म्हणायची सोयच नाही, आपण आपल्या पायानं गेलो.

लेकीला हे लिहिलेलं आधी वाचायला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "छान आहे, पण पुट्टीचा भाग काढा पप्पा. पार्ट्या वाचतात तुमचं फेसबुक."

ठेवलाय.