सहा वार आणि पाच इंच

युद्ध १९४५ साली संपलं, हे मला बोटीवर चढण्याआधीच ठाऊक होतं. लंडनच्या आमच्या बोर्डिंग हाऊसच्या मालकीणबाईंना मात्र १९४७ उजाडलं तरी कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. पहिल्याच दिवशी दारात मी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि त्यांनी माझ्या दुसऱ्या हातातलं रेशनबुक काढून घेतलं. घरातल्या सगळ्या मुलींची बुकं त्यांच्याच कपाटात, किल्ली कमरेला. पाव म्हणे युद्धभर मोकळा मिळायचा. जिंकल्यावर, १९४६ च्या जुलैत, तोही रेशनवर गेला. हरले असते तर काय झालं असतं, हे विचारायची सोय नव्हती.

पण खरा छळ न्हाणीघरात होता. टबाला आतून एक काळी रेघ ओढलेली: तळापासून पाच इंच. युद्धात सरकारने सांगितलं होतं, याच्या वर पाणी नको. सरकार बदललं, रेघ राहिली. पाच इंच पाण्यात पोट भिजवावं तर गुडघे कोरडे, आणि गुडघे भिजवावेत तर पाठ टबाच्या बर्फगार कडेला. त्यात वरचा गॅसचा बंब नाणं गिळल्याशिवाय पेटायचा नाही. नाणं टाकलं की खाकरायचा, भप्पकन निळी ज्योत यायची, आणि केसांना रेशनचा साबण लावून झाला रे झाला की विझायचा.

आपण पडलो तांब्याने आंघोळ करणारी माणसं. तेच पाणी मी दुधाच्या जगने डोक्यावर ओतायला लागले. काय सुख! खाली मालकीणबाईंना वाटलं, पाइप फुटला. त्यांचंही चुकलं नाही. त्या हिवाळ्यात गावभर पाइप गोठून फुटत होते. त्या बादल्या घेऊन वर धावल्या. मला हवी होती ती बादली अशी आयती दारात आली, पण ती मागण्याजोगा माझा अवतार नव्हता.

फेब्रुवारीत कोळसा आटला आणि घरगुती वीज रोज सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते चार बंद झाली. मुली ओव्हरकोट घालून पांघरुणात. मी पातळावर पातळ नेसून.

या घरात माझी चलती होती, पण ती स्वभावामुळे नव्हे. शाकाहारी म्हणून नाव नोंदवलं आणि मांसाची कूपनं परत केली की जादा चीज मिळायचं. चीज आलं की तळमजल्यावरची नर्स माझ्या तब्येतीची चौकशी करायला यायची. एरवी मी खोकून मेले असते तरी तिला पत्ता लागला नसता.

चिजानंतर नंबर पातळांचा. कपड्यांनाही कूपनं होती, आणि माझ्या ट्रंकेत एकसंध सहा-सहा वार कापड पडलेलं! मुली माझी पातळं बघत नसत, मोजत. नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. तिला लोकांनी प्रेमाने पाठवलेली कूपनंसुद्धा परत गेली, कारण ती दुसऱ्याला देणं बेकायदा. त्याच सुमारास आमच्या टायपिस्टचंही ठरलं. नवऱ्या मुलाला फौजेतून सुटताना सरकारी सूट मिळाला होता, त्याचं भागलं. हिला कुठून तरी पॅराशूटचं रेशीम मिळालं, पण सगळे त्रिकोणी तुकडे. शिवता शिवता रडली बिचारी.

शेवटी मी आईने दिलेलं पांढरं रेशमी पातळ काढलं. अट एकच: कात्री लावायची नाही. कात्री हातात घेऊनच उभ्या असलेल्या मालकीणबाईंना हे फार लागलं. मग मी निऱ्या घालायच्या, नर्सने धरायच्या आणि मालकीणबाईंनी त्यांच्या डब्यातल्या टाचण्या एकेक मोजून द्यायच्या, असा लग्नाचा पोशाख उभा राहिला. नवरी चर्चमध्ये अगदी ताठ चालली. सगळ्यांना वाटलं, खानदानी डौल!

संध्याकाळी पातळ परत आलं. मालकीणबाईंनी टाचण्या मोजून घेतल्या. एक कमी भरली. ती नवरीत राहिली असावी.