‘तीन मीटर वाट काढा, मुरूम टाका, झाडं लावा’: कणकुंबीच्या उतारावर हे टिकणार नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या गावांनी मिळून जंगलकाठची पायवाट करावी, ही कल्पना चांगलीच आहे. पण तिच्याबरोबर व्हॉट्सॲपवर फिरणारी कृती घातक आहे: जेसीबीने ३ मीटर रुंद सरळ वाट काढा, मुरूम पसरा, सड्यावर (जांभा दगडाच्या उघड्या पठारावर) झाडं लावा, ओढ्यात पाईप टाका, नुसत्या चालण्याने निसर्गाचं काय बिघडतंय?

बिघडवतं ते पाणी. उताराला सरळ उतरणारी वाट पहिल्याच पावसाळ्यात ओहोळ होते. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याच्या आत हवा. उतार १६ टक्के (१०० मीटरला १६ मीटर) असेल, तर १० मीटर चालीत ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त चढायचं नाही. त्यापुढे गेलात की पाणी वाट ओलांडून जायचं सोडून वाटेवरूनच धावतं. गवंड्याची लेव्हल नळी (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन दोघांना हे मोजता येतं. वाट दरीकडे मीटरला ५ सेंटीमीटर कलती ठेवा आणि दर १५-२० मीटरवर चढ मोडून थोडी उतरवा. साचलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. आखणी जुलैत करा. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जागा तेव्हा वाहत असते.

आता ‘रुंद तेवढी चांगली’. ३० टक्के उतारावर १ मीटर वाट कोरली, तर मीटरमागे ०.१५ घनमीटर माती निघते. ३ मीटरला १.३५, म्हणजे तिप्पट नव्हे, नऊपट! हाही हिशेब डोंगराकडची कापलेली कड उभी धरून. ती ढासळू नये म्हणून तिरकी छाटली तर आणखी. जेसीबी ही माती खाली लोटतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिच्या ओढ्यांत हा गाळ का भरायचा? कुदळीने १ मीटर वाट पुरे.

झाडांचा सल्ला सर्वांत वाईट. सडा ओसाड नाही. जांभ्यावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू फुलतात. त्यांना निकस माती आणि मोकळं ऊन लागतं. शेणखत घातलेले खड्डे, सावली आणि बाहेरच्या मुरमातून येणारं रानमोडी या परक्या तणाचं बी त्यांना संपवतं. वाट सड्याच्या कडेने न्या, मधून नको.

पाईप पाल्याने तुंबतो आणि ओढा वाटेवर येतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी वाट ओढ्यात उतरवा आणि ६० सेंटीमीटर अंतराने जड, सपाट दगड रोवा. दगडांवरून पाणी गेलं, की त्या दिवशी वाट बंद.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय कुदळसुद्धा मारू नका.