बडोद्याच्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी: फिरत्या यादीचा प्रतिवाद

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची एक यादी मराठी वाचकांत बरीच फिरते. कधी ती दादासाहेब फाळके यांच्या जयंतीला दिसते, कधी आंबेडकर जयंतीला, आणि प्रत्येक वेळी तिच्यात एखादे नाव वाढलेले असते. तिचा आशय थोडक्यात असा आहे: सयाजीराव महाराजांनी हे विद्यापीठ स्थापन केले, त्याच्या कलाशाखेत फाळके चित्रकला शिकले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, अरविंद घोष आणि विनोबा भावे हे येथीलच विद्यार्थी; नारायण श्रीधर बेंद्रे, के. जी. सुब्रमण्यन, नसरीन मोहमदी आणि भूपेन खख्खर यांनी चित्रकलेची पदवी येथेच घेतली. नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन हेही येथलेच. आणि या कलावंतांच्या हातून एक ‘बडोदा शैली’ निर्माण झाली. या यादीतील बहुतेक नावांचा बडोद्याशी खरोखरच संबंध आहे, म्हणूनच ती खरी वाटते. मात्र तो संबंध विद्यार्थ्याचा आहे की शिक्षकाचा, विद्यापीठाशी आहे की त्याआधीच्या एखाद्या संस्थेशी, की केवळ संस्थानाशी, याचा विचार यादी करत नाही, आणि नेमकी तिथेच ती चुकते.

सुरुवात स्थापनेपासून करू. तिसरे सयाजीराव गायकवाड 1939 साली निवर्तले आणि विद्यापीठ 1949 साली अस्तित्वात आले. विद्यापीठाची कल्पना सयाजीरावांच्या काळात मांडली गेली होती, त्याचा पायाही त्यांच्याच शिक्षणसंस्थांनी घातला होता, परंतु प्रत्यक्ष स्थापना त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीत, संस्थान मुंबई राज्यात विलीन होण्याच्या तोंडावर झाली. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता होत्या. संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या या बाईंच्याच काळात, 1950 साली, ललितकला विद्याशाखा उभी राहिली. ‘सयाजीरावांचे विद्यापीठ’ असे आपण सैलपणे म्हणतो तेव्हा हंसा मेहतांचे नाव मागे पडते, आणि यादीत तर ते नसतेच.

हा दहा वर्षांचा फरक किरकोळ वाटत असेल, तर त्याचा परिणाम फाळक्यांच्या दाव्यावर पाहावा. फाळके 1944 साली नाशिकला वारले. त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी विद्यापीठ आले आणि सहा वर्षांनी ललितकला विद्याशाखा. ते या विद्याशाखेत शिकले असणे केवळ अशक्य आहे. तरीही त्यांच्या अनेक चरित्रटिपणांत हे वाक्य आढळते, कारण फाळके बडोद्याला शिकले हे खरे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही वर्षे काढल्यानंतर ते 1890 च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. हे कलाभवन सयाजीरावांनी 1890 साली सुरू केले आणि त्याची सूत्रे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे दिली. नावात ‘कला’ असली तरी ती चित्रशाळा नव्हती. रंगाई आणि छपाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, रेखाटन अशा हातच्या विद्यांना शास्त्राची जोड देणारी ती तंत्रशाळा होती, आणि 1949 नंतर तिचे रूपांतर विद्यापीठाच्या तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले. वंशावळच लावायची झाली, तर फाळक्यांचे नाव ललितकला विद्याशाखेपेक्षा अभियांत्रिकीच्या शाखेजवळ येते.

या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळतो, कारण येथे चूक नुसत्या सालाची नाही. फाळके कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रण, छपाईसाठी छायाचित्रे तयार करण्याच्या प्रक्रिया, वास्तुरेखाटन आणि साचेकाम शिकले, आणि तेथील छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा वापरण्याची मुभा त्यांना गज्जरांनी दिली. पुढे गोध्ऱ्याला छायाचित्रांचा स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना अशी त्यांची वाटचाल झाली. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुऊन काढण्यापर्यंतची कामे घरातच होत होती आणि त्यांत पत्नी सरस्वतीबाईंचा हात होता. रसायन, यंत्र आणि चित्र या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात कशा आल्या, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर कलाभवनात सापडते. फाळक्यांना ‘ललितकलेचे पदवीधर’ ठरवले की हे उत्तरच हरवते, आणि ज्या संस्थेने त्यांना घडवले तिचे नावही पुसले जाते.

आंबेडकरांविषयीचा दावा अधिक गंभीर आहे. बाबासाहेब बडोद्यात कधीही विद्यार्थी नव्हते. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1912 साली बी. ए. झाले. त्या शिक्षणासाठी आणि 1913 साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी सयाजीरावांनी त्यांना आर्थिक साहाय्य दिले, आणि परदेशातील शिक्षणाच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. त्या कराराप्रमाणे ते 1917 साली बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच फेकत. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत बसून वेळ काढला. धर्मशाळेतून काढले जाण्याची ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शिष्यवृत्ती देणारा राजा आणि आसरा नाकारणारे शहर या दोन्ही गोष्टी एकाच बडोद्याच्या आहेत. ‘बडोदा विद्यापीठाचे माजी विद्यार्थी’ या चार शब्दांत पहिली गोष्ट फुगते आणि दुसरी नाहीशी होते. हे गौरवाच्या नावाखाली होत असले तरी ते अन्यायकारक आहे, आणि आंबेडकर जयंतीलाच असा मजकूर पुढे पाठवला जावा हे मला क्लेशदायक वाटते.

अरविंद घोष यांचे प्रकरण सरळ आहे. त्यांचे शिक्षण लंडन आणि केंब्रिज येथे झाले. 1893 ते 1906 या काळात ते बडोदा संस्थानच्या सेवेत होते आणि बडोदा कॉलेजात त्यांनी फ्रेंच व इंग्रजी शिकवले. त्यांना विद्यार्थी म्हणणे म्हणजे वर्गाची दिशाच उलटी करणे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कन्हैयालाल मुनशींचे नाव मात्र यादीत नसते, हे विशेष.

विनोबांबाबत यादी अर्धी बरोबर आहे. त्यांचे शालेय शिक्षण बडोद्यात झाले आणि ते बडोदा कॉलेजातही शिकले. परंतु हे कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते आणि विनोबांनी पदवी घेतलीच नाही. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीकडे गेला. शाळा-कॉलेजातली प्रमाणपत्रे त्याने त्याआधीच आईसमोर चुलीत घातली होती. ज्या माणसाने प्रमाणपत्रे हेतुपुरस्सर जाळली त्याला पदवीधरांच्या पंगतीला बसवताना निदान ही गोष्ट तरी सांगायला हवी. बडोदा कॉलेज पुढे विद्यापीठात सामील झाले, त्यामुळे ‘विद्यापीठाच्या पूर्वसंस्थेचे विद्यार्थी’ असे कोणी लिहिले तर हरकत घेण्याचे कारण नाही.

रामकृष्णन यांचा दावा खरा आहे: 1971 साली भौतिकशास्त्रात बी. एस्सी. बडोद्याहून, 2009 साली रसायनशास्त्राचे नोबेल. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता ज्यासाठी हे विद्यापीठ देशभर ओळखले जाते त्या चित्रकार-शिल्पकारांकडे वळू. येथे यादीने शिक्षकांना विद्यार्थ्यांत बसवले आहे. बेंद्रे इंदूरचे, तेथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्याकडे ते शिकले आणि चित्रकलेची पदविका त्यांनी मुंबईहून घेतली. 1950 साली ते बडोद्यात आले ते चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून, आणि 1966 पर्यंत राहिले. सुब्रमण्यन केरळचे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी असताना ‘चले जाव’ चळवळीत तुरुंगात गेले, मग शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे शिकले, आणि 1951 पासून बडोद्यात शिकवू लागले. नसरीन मोहमदी लंडनला शिकल्या आणि 1972 पासून 1990 साली मृत्यू येईपर्यंत बडोद्यात शिकवत राहिल्या. शिल्पकला विभाग उभा करणारे संखो चौधुरीही शांतिनिकेतनचेच. या माणसांना शिक्षक म्हणण्यात त्यांचा मान कमी होत नाही. उलट, इंदूर, मुंबई, शांतिनिकेतन आणि लंडन अशा वेगवेगळ्या शाळांत तयार झालेली माणसे एका नव्या विद्याशाखेत एकत्र आली, हीच बडोद्याची खरी जमेची बाजू आहे. कलाशाळांत पदविका देण्याची रीत असताना येथे विद्यापीठाची पदवी मिळू लागली आणि चित्र काढणाऱ्याला कलेचा इतिहासही अभ्यासावा लागू लागला. सगळ्यांना विद्यार्थी ठरवले, तर शिकवले कोणी हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

खख्खर मात्र खरोखर येथील विद्यार्थी. पण चित्रकलेचे नव्हेत. मुंबईत वाढलेले, व्यवसायाने सनदी लेखापाल असलेले भूपेन खख्खर 1962 साली बडोद्याला आले आणि त्यांनी कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पुढेही बराच काळ त्यांनी हिशेबनिसाची नोकरी सोडली नाही. घड्याळे दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशी गल्लीतली माणसे त्यांनी दुकानाच्या पाटीसकट रंगवली. चित्रकलेच्या वर्गातील शिस्त या हाताला लागली नव्हती आणि त्या चित्रांच्या सपाट, झगझगीत रंगांत ते दिसते. 2016 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. समीक्षा शिकायला आलेला विद्यार्थी चित्रकार म्हणून नावारूपाला येतो, ही या विद्याशाखेची जितकी खरी ओळख आहे तितकी चित्रकलेच्या पदवीची कल्पित नोंद असू शकत नाही.

यादीत जे नाहीत त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हा प्रतिवाद अपुरा राहील. ज्योती भट्ट पहिल्या तुकड्यांतले. मुद्राचित्रणाबरोबरच (ठशांवरून चित्रे छापण्याच्या कलेबरोबरच) गुजरात-राजस्थानच्या खेड्यांतील बायका भिंतींवर आणि अंगणात काढत असलेली चित्रे त्यांनी अनेक दशके कॅमेऱ्यात टिपली, आणि त्यातील पुष्कळशी आता केवळ त्यांच्या छायाचित्रांतच उरली आहेत. गुलाममोहम्मद शेख येथेच शिकले, लंडनला जाऊन आले, येथेच शिकवले, आणि गुजराती कवी म्हणूनही त्यांचे स्थान आहे. हिंमत शाह, राघव कनेरिया, विवान सुंदरम, पुष्पमाला एन., रवींदर रेड्डी हेही येथले. ध्रुव मिस्त्री यांचे कारंज्याचे शिल्प इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या मुख्य चौकात आहे. मृणालिनी मुखर्जी यांनी येथे चित्रकला आणि नंतर सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिशिल्प-भित्तिचित्राचा अभ्यास केला. वाखाच्या जाड दोऱ्या रंगवायच्या आणि माग न वापरता हाताने गाठीवर गाठ मारत माणसाच्या उंचीची, कधी त्याहूनही मोठी, देवता म्हणावी की वनस्पती म्हणावी अशी आकृती उभी करायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. एकेका शिल्पाला कित्येक महिने लागत. 2019 साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयाने त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्या हयात नव्हत्या. मराठी वाचकाला या विद्यापीठाचा अभिमान वाटावा अशी इच्छा असेल, तर अशा नावांनी यादी सुरू व्हावी.

शेवटचा दावा ‘बडोदा शैली’चा. 1956 साली बेंद्र्यांभोवतीच्या तरुणांनी ‘बडोदा ग्रुप’ काढला, हे या कल्पनेचे एक मूळ असावे. दुसरे मूळ 1981 साली मुंबई आणि दिल्लीत भरलेले ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन. माणसांच्या आणि स्थळांच्या गोष्टी सांगणारी चित्रे म्हणजे बडोदा, असे त्यानंतर म्हटले जाऊ लागले. परंतु त्या प्रदर्शनातील सहा जणांपैकी बडोद्यात शिकलेले तिघेच होते: शेख, खख्खर आणि सुंदरम. नलिनी मलानी जे. जे.च्या, जोगेन चौधुरी कोलकात्याचे, आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करणारे सुधीर पटवर्धन हे पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले. त्याच सुमारास नसरीन मोहमदी याच विद्याशाखेत बसून पेन आणि पट्टीने काढलेल्या बारीक समांतर रेषांपलीकडे कागदावर काहीही ठेवत नव्हत्या. आणि 1987 साली शिल्पकार के. पी. कृष्णकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत बहुतेक केरळचे, याच बडोद्यात प्रदर्शन भरवून या कथनपर चित्रांवरच हल्ला चढवला. त्यांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या अनिता दुबे याच विद्याशाखेत कलासमीक्षा शिकलेल्या होत्या, आणि ज्यांच्या चित्रांवर त्यांचा रोख होता त्यांत त्याच विद्याशाखेचे शिक्षक होते.