कार्यालयाचे ओळखपत्र फाटकाबाहेर कशासाठी?

पुण्यात सायंकाळी हिंजवडीहून शहराकडे निघालेल्या पीएमपीच्या बसमध्ये किंवा रामवाडीहून वनाजकडे जाणाऱ्या मेट्रोत उभे राहिले, की आजूबाजूच्या निम्म्या प्रवाशांची नावे, ते कोणत्या कंपनीत आहेत आणि पुष्कळदा त्यांचा रक्तगटही कोणाला काही न विचारता कळतो. कंपनीचे नाव दर चार बोटांवर छापलेली रंगीत फीत आणि तिला लटकणारे आयकार्ड गळ्यात घेऊन ही मंडळी पुढे भाजी घेतात, मुलांना शिकवणीहून आणतात, देवळात हात जोडतात आणि रात्रीच्या जेवणासाठी हॉटेलात रांगेतही उभी राहतात. माझे मत आधीच सांगून टाकतो: कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडताना हे कार्ड गळ्यातून काढून बॅगेत ठेवावे. जिथून ही कार्डे दिली जातात आणि राजीनाम्यानंतर परत घेतली जातात, त्या प्रशासन विभागात मी बराच काळ काम केले आहे. त्यामुळे माझ्या म्हणण्यात त्या कामाचा थोडा संशयी स्वभाव उतरला असेल, तर वाचकांनी तो सांभाळून घ्यावा.

कार्ड हे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. ‘तुम्हाला या जागेत येण्याचा अधिकार आहे का?’ हा तो प्रश्न, आणि तो विचारण्याचा हक्क त्या जागेच्या मालकाला असतो. फाटकावरचा सुरक्षा रक्षक, दारावरचे यंत्र, आतला अनोळखी सहकारी या सगळ्यांना ते उत्तर मिळावे म्हणून कार्ड दिसेल असे लावायचे, इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. रस्त्यावर, बसमध्ये किंवा मंडईत हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो आणि विचारण्याचा कोणाला अधिकारही नसतो. तरीही आपण त्याचे उत्तर गळ्यात अडकवून हिंडतो, आणि उत्तराबरोबर आणखी बरेच काही सांगून बसतो.

काय काय सांगतो, ते पाहावे. चोराला कार्ड चोरण्याचीसुद्धा गरज नसते. समोरच्या आसनावरून मोबाइलने काढलेले एक स्पष्ट छायाचित्र मिळाले, की हुबेहूब दिसणारे प्लास्टिकचे कार्ड छापून घेणे अवघड नाही. ते यंत्राला फसवणार नाही, परंतु माणसाला फसवण्यापुरते चांगले असते, कारण सकाळी नऊच्या गर्दीत फाटकावरचा रक्षक चेहरे पाहू शकत नाही, तो फितीचा रंग पाहतो. त्यापुढच्या यंत्राच्या दाराचे काम आपली सभ्यता करते. मागून कोणी दोन्ही हातांत खोकी घेऊन, गळ्यात ओळखीची फीत घालून येत असेल, तर त्याच्या तोंडावर दार लावणे आपल्या संस्कारात बसत नाही. आपण दार धरून उभे राहतो आणि त्याला आत घेतो.

आता यंत्राविषयी. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुन्या पद्धतीची कार्डे, कोणत्याही वाचकयंत्रासमोर आली की दरवेळी आपला तोच क्रमांक उघडपणे सांगतात, आणि अशा कार्डांची नक्कल करणारी उपकरणे सहज विकत मिळतात. त्यांच्यापेक्षा सुरक्षित म्हणून जगभर वापरल्या गेलेल्या मायफेअर क्लासिक या कार्डाची सांकेतिक भिंत नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये भेदून दाखवली. चिप बनवणाऱ्या कंपनीने त्यांचा निबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली, आणि न्यायालयाने संशोधकांच्या बाजूने निर्णय दिला. अशी उपकरणे सामान्यतः काही सेंटिमीटरवरूनच काम करतात, हे मला मान्य आहे. पण शिवाजीनगर न्यायालयाच्या स्थानकात गाडी बदलताना दोन माणसांत काही सेंटिमीटरचे तरी अंतर उरते का? खिशातले कार्डही असे वाचता येईल, हा आक्षेपही बरोबर आहे. फरक इतकाच, की खिशातले कार्ड कोणत्या कंपनीचे आहे आणि त्याच्यासाठी एवढी खटपट करण्यात काही अर्थ आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. गळ्यातले कार्ड ते स्वतःहून कळवते.

कंपनीचे नुकसान कंपनी पाहून घेईल, असे कोणी म्हणेल. मला अधिक काळजी कार्ड घालणाऱ्याची वाटते, आणि विशेषतः कार्ड घालणाऱ्या स्त्रीची. पूर्ण नाव आणि कंपनी एवढ्या दोन गोष्टींवरून लिंक्डइनवर माणूस सापडतो, तिथून त्याचे शिक्षण, गाव आणि मित्रमंडळी सापडतात, आणि रोज ती कोणत्या वेळेच्या गाडीने जाते हे तर पाठलाग करणाऱ्याने डोळ्यांनीच पाहिलेले असते. फोनवर पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांचे भांडवलही असेच असते: समोरच्याविषयी दोन-तीन खऱ्या गोष्टी ठाऊक असल्या, की चौथी खोटी गोष्ट खपून जाते.

असे असूनही अनेक मुली कार्ड मुद्दाम बाहेर ठेवतात, आणि त्यांचे कारण मला हलके वाटत नाही. दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीनंतर घरी येणाऱ्या मुलीकडे सोसायटीचा रखवालदार, गस्तीवरचा पोलीस, समोरच्या सदनिकेतील काका आणि घरमालकीण हे सगळे एकाच नजरेने पाहतात, आणि त्या नजरेतील न विचारलेल्या प्रश्नाला गळ्यातले कार्ड परस्पर उत्तर देते. ‘मी कामावरून येत आहे.’ आपल्या राज्यातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याकडून तिच्या संमतीनेच काम घेता येते, आणि तिची सुरक्षितता व तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था ही मालकाची जबाबदारी ठरते. कायद्याने वाहन दिले. शेजाऱ्यांच्या नजरेवर मात्र त्याचा काही इलाज चालत नाही. तेव्हा ‘कार्ड काढा’ असे या मुलींना सांगण्यापूर्वी, त्यांना ते घालावेसे वाटू नये असे वागण्याची जबाबदारी सोसायटीच्या समित्यांवर येते. रात्री बारा वाजता आलेल्या मुलाला कोणी कार्ड विचारत नाही, आणि तेवढीच मोकळीक मुलीला मिळाली तर हा प्रश्न आपोआप सुटेल.

दुसरे समर्थन अभिमानाचे आहे, आणि त्याची टर उडवणे मला पटत नाही. ज्या घरातून नोकरी करणारे हे पहिलेच माणूस आहे, त्या घरी कंपनीचे कार्ड ही पदवीपेक्षाही मोठी गोष्ट असते. आई ते हातात घेऊन पाहते, मामा त्याचे छायाचित्र कुटुंबाच्या गटावर टाकतो. (छायाचित्र टाकायचेच असेल तर निदान क्रमांक आणि बारकोड बोटाने झाकावा, एवढी विनंती.) तो आनंद घरात व्हावा, जोरात व्हावा. पण गळ्यात कार्ड वागवण्याचा मान आपल्याकडे मुळात कोणाकडे होता, हेही आठवून पाहावे. इंग्रजी अमदानीतील कचेरीत पितळी बिल्ला पट्टेवाल्याच्या अंगावर असे. साहेबाला बिल्ल्याची गरज नव्हती. आजच्या काचेच्या इमारतींतही हा नियम फारसा बदललेला नाही, कारण माणूस जसजसा वर चढतो तसतसे त्याचे कार्ड गळ्यातून खिशात जाते आणि शेवटी त्याच्यासाठी दार उघडणारा दुसराच कोणीतरी असतो.

आणि फितीचे रंग! अनेक कंपन्यांत कायम कर्मचाऱ्याची फीत एका रंगाची, कंत्राटदारामार्फत आलेल्याची दुसऱ्या रंगाची आणि पाहुण्याची तिसऱ्या रंगाची असते. सुरक्षेच्या दृष्टीने ही सोय समजण्यासारखी आहे, परंतु तीच फीत घालून लोक एकत्र चहाच्या टपरीवर येतात, तेव्हा शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांपैकी कोणाचा पगार कोणाच्या हातून येतो, हे चहावाल्यालाही ठाऊक होते. लग्न जुळवणाऱ्या मंडळींनाही या रंगांचा अर्थ आता कळू लागला आहे, असे ऐकून मला हसू आले आणि लगेच ते मावळलेही. आतल्या उतरंडीला फाटकापाशीच थांबवता येते. त्यासाठी कंपनीच्या परवानगीचीही गरज नाही, आपण फीत काढली की काम झाले.

कार्ड गळ्यात असताना आपण एकटे नसतो, हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चांदणी चौकात गाडीला गाडी घासली, शब्दाला शब्द लागला, तिसऱ्याने चित्रफीत काढली आणि तिच्यात कंपनीचे नाव स्पष्ट दिसले, तर दुसऱ्या दिवशी ते भांडण तुमचे राहत नाही. ती चित्रफीत कंपनीच्या खात्याला जोडून ‘असे लोक तुम्ही ठेवता का?’ असे विचारणारे शेकडो लोक उभे राहतात, आणि मनुष्यबळ विभाग दोन ओळींचे निवेदन काढून मोकळा होतो. चूक कोणाची होती हे कोणी पाहिलेले नसते. पगार आठ-नऊ तासांचा मिळतो. उरलेल्या वेळेत कंपनीची प्रतिमा छातीवर वागवण्याचे काम आपण फुकट का करावे, हे मला समजलेले नाही.

शिवाय पाहणाऱ्याला त्या कार्डात काय दिसेल, यावर आपला ताबा नसतो. १५ जून २०२० पासून मुंबईची लोकल केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, तेव्हा स्थानकाच्या दारात ओळखपत्र हीच खरी तिकीट होती, आणि ती इतकी मोलाची ठरली की बनावट ओळखपत्रे घेऊन प्रवास करणारे पकडले जाऊ लागले. त्याच सुमारास रुग्णालयांतील परिचारिका आणि वॉर्डबॉय आपल्या वस्तीत शिरण्यापूर्वी तेच कार्ड पिशवीत दडवत होते, कारण शेजारी त्यांना जिना वापरू देत नव्हते, घरमालक खोली सोडायला सांगत होते. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले अजामीनपात्र ठरवणारा अध्यादेश केंद्र सरकारला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये काढावा लागला होता.

याचा अर्थ सार्वजनिक जागी कोणीच बिल्ला लावू नये, असा नाही. ज्याला लोकांवर अधिकार चालवायचा आहे किंवा लोकांच्या वस्तू ज्याच्या हाती जायच्या आहेत, त्याने तो लावलाच पाहिजे. रेल्वेस्थानकावरील हमालाच्या दंडावरचा क्रमांक किंवा रिक्षाचालकाचा बॅज प्रवाशाच्या सोयीसाठी असतो. सामान राहिले, भाड्यावरून वाद झाला, तर शोध घेता येतो. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितले, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव व हुद्दा स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी असली पाहिजे. आज नाव स्पष्ट दिसण्याची ही अट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. कर्जवसुलीसाठी दारात येणाऱ्या माणसाने बँकेचे अधिकारपत्र आणि ओळखपत्र जवळ बाळगावे, हे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बजावले आहे. प्रत्यक्षात काय दिसते? महामारीत मुखपट्टी नाही म्हणून मुंबईत दंड घेणारे मार्शल खरे की तोतये, हे विचारण्याची लोकांवर वेळ आली. नाकाबंदीवर पावसाळी कोटाखाली नावाची पट्टी झाकलेली असते, वसुलीवाला नाव विचारताच आवाज चढवतो, आणि ज्याला कोणी काही विचारलेले नाही तो संगणक अभियंता मात्र नाव, क्रमांक आणि रक्तगट छातीवर घेऊन उभा असतो. त्याहून उलटा प्रकार आपल्या सोसायट्यांत चालतो, जिथे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना उद्वाहनात कार्ड घालण्याची सक्ती असते आणि सदनिकाधारकाला कोणी नावही विचारत नाही.

रक्तगटाचा मुद्दा हमखास निघतो: अपघात झाला तर कार्ड उपयोगी पडेल. रक्त देण्यापूर्वी रुग्णालय नमुना घेऊन गट तपासते आणि जुळवणी करते, कार्डावर छापलेल्या गटावर विसंबून कोणी रक्त चढवत नाही. घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक मात्र खरोखर उपयोगी असतो. तो पाकिटात असावा आणि मोबाइलच्या कुलूपबंद पडद्यावरून दिसणाऱ्या आपत्कालीन माहितीत भरून ठेवावा.

राहता राहिले ते विसरण्याचे कारण, आणि माझ्या अनुभवात हेच कारण सर्वांत खरे आहे. लोक दिखाव्यासाठी कार्ड घालत नाहीत, काढायला विसरतात. किंवा काढले तर हरवेल आणि दंड भरावा लागेल, या धास्तीने ते गळ्यातच ठेवतात. इथे दोष कंपन्यांचा आहे. हरवलेल्या कार्डाला दंड लावला, की माणूस दोन दिवस घरातच शोधत बसतो आणि कळवत नाही. तेवढा वेळ ते कार्ड दार उघडतच राहते, आणि नव्या कार्डाच्या खर्चापेक्षा हा धोका कितीतरी महाग पडतो. म्हणून पहिल्यांदा हरवलेले कार्ड त्याच दिवशी कळवल्यास दंड पूर्ण माफ करावा. कार्डावर छायाचित्र आणि क्रमांक एवढेच छापावे, रक्तगट आणि पत्ता काढून टाकावा. गळ्यातल्या फितीऐवजी कमरेला अडकवायची चिमट्याची दोरी द्यावी, जी शर्टाखाली सहज झाकली जाते. आणि ज्या फाटकावर आत येताना ‘ओळखपत्र दाखवा’ अशी ठसठशीत पाटी आहे, त्याच फाटकाच्या आतल्या बाजूला, बाहेर जाणाऱ्याला दिसेल अशी, ‘ओळखपत्र काढून ठेवा’ अशी दुसरी पाटी लावावी. रंगाऱ्याला एका फेरीत दोन्ही रंगवून घेता येतील.