मकतबच्या ग्रुपवर हदीस टाकण्याआधी

रमजान जवळ आला की एक मेसेज दरवर्षी फिरतो: 'रमजानची खबर जो सर्वांत आधी देईल, त्याच्यावर जहन्नमची आग हराम.' हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) एकाही भरवशाच्या किताबात हे नाही. तरी तो मकतबच्या (मुलांच्या दीनी शिकवणीच्या) ग्रुपवर येतो, आणि उस्तादांच्या ग्रुपवर आला म्हणून पालक तो बिनघोर पुढे धाडतात. माझा राग याच गोष्टीचा आहे. ज्या इल्ममध्ये एकेका रिवायतीची (कथनाची) सनद, म्हणजे ती कुणाकडून कुणाकडे आली ती साखळी, तपासली गेली, ते शिकवणाऱ्याने 'फॉरवर्डेड'चा शिक्का असलेला मजकूर तसाच ढकलायचा? खबर आली तर खातरजमा करा, हे कुराणातल्या सूरह हुजुरातची 6वी आयत सांगते. ती आपणच मुलांकडून पाठ करून घेतो.

खाली नुसतं 'बुखारी शरीफ' (हदीसचा प्रमुख संग्रह) लिहिलं म्हणजे हवाला (संदर्भ) झाला नाही. किताब, बाब (प्रकरण) आणि नंबर, तिन्ही द्या. नुसता नंबर पुरत नाही, आवृत्तीप्रमाणे तो बदलतो. सहीह मुस्लिम या दुसऱ्या संग्रहात तर हमखास घोळ होतो. बुखारी-मुस्लिमबाहेरची हदीस असेल तर दर्जाही लिहा: सहीह (अस्सल), हसन (चांगली) की जईफ (कमकुवत). मूळ पान उघडून बघायला वेळ नसेल तर त्या दिवशी हदीस टाकू नका.

मुलांच्या सबकाची (धड्याची) व्हॉइस नोट ग्रुपवर मागवू नका, थेट उस्तादांच्या नंबरवर घ्या. सूरह इख्लासची सुरुवातच बघा. 'क़ुल'मधला (म्हणजे 'म्हण') मोठा क़ाफ जिभेच्या अगदी मुळातून निघतो. मुलाने तिथे छोटा काफ काढला की 'म्हण'चं 'खा' होतं. सबक कच्चा असताना ही चूक होणारच. पण ती साठ घरांनी ऐकली, खाली कुणी हसण्याचा इमोजी टाकला, की ते पोरगं पुढच्या वेळी आवाजच काढत नाही. शिवाय सीन आणि साद या 'स'सारख्या दोन अक्षरांतला फरक फोनवर नीट कळत नाही. मखरज (अक्षराच्या उच्चाराची जागा) समोर बसवूनच दुरुस्त करा.

मकतबच्या जलशाचे (कार्यक्रमाचे) व्हिडिओ टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आणि चंद्याच्या पोस्टवर यतीम (अनाथ) मुलाचा चेहरा कधीच नको, परवानगी असली तरी नको. खर्चाचा हिशेब टाका, लोक देतात.

चुकीची हदीस गेलीच, तर गुपचूप डिलीट करून भागत नाही. तोवर ती चार ग्रुपांवर पोचलेली असते. त्याच ग्रुपवर, उस्तादांच्याच नावाने रुजू (चूक मागे घेतल्याचं निवेदन) लिहा: अमुक तारखेला टाकलेली रिवायत साबित नाही, ज्यांनी पुढे पाठवली त्यांनी तिथेही कळवावं.